पाच रेघा

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात. डावी दाढ ठणकते आहे. दातांच्या दवाखान्यातल्या त्या लांब खुर्चीत तुम्ही आडवे पडला आहात आणि तोंड घट्ट मिटून घेतलंय. आता डोळे उघडा. तुमच्या जागी मिलुस्का आहे.

पॅरामारिबो शहरातल्या त्या दवाखान्यात ती तिसऱ्यांदा आली होती. पहिल्यांदा दारातूनच पळाली. दुसऱ्यांदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुळीच दुखणार नाही हं," आणि सुई टोचली. त्यांच्या बोटाला चावून मिलुस्का जी सुटली ती थेट घरी. आज डॉक्टर नवे होते. शेजारी आई बसली होती, लेकीच्या दोन्ही चपला मांडीवर घट्ट धरून. दुपारच्या तापलेल्या रस्त्यावर पोर अनवाणी किती लांब जाणार?

दार उघडलं. पांढरा कोट घातलेला एक ठेंगणा माणूस आत आला. त्याच्या हातात पिंजरा होता आणि पिंजऱ्यात जाड चोचीचा, काळाभोर त्वात्वा पक्षी.

"कोनू!" मिलुस्का ओरडली. तिने आधी पक्षी ओळखला, मग माणूस. "सुकिमिन काका? तुमची पण दाढ दुखते?"

"माझी नाही गं, तुझी." त्यांनी पिंजरा खिडकीत टांगला. "मी दाढा काढतो. तेच काम आहे माझं."

"पण तुम्ही तर नारळवाले ना!"

आईने चपलेसकट हात कपाळाला लावला.

"नारळवाला? कोणी सांगितलं?"

"दर रविवारी तुमच्या हातात शहाळं असतं. आणि चड्डी फाटकी."

"ती लकी चड्डी आहे माझी," सुकिमिन काका हात धुता धुता म्हणाले. "मागच्या रविवारी तीच घालून हरलो तुझ्याकडून."

रविवारी सकाळी नदीकाठच्या मैदानावर पिंजरे घेऊन सगळे जमत. तिथे कोणी कोणाला कामधंदा विचारत नसे. हे कोनूवाले, ती फायावाली, अशी पक्ष्याच्या नावावरून एवढीच ओळख. दोन पक्षी खांबांवर शेजारी शेजारी टांगायचे. दहा मिनिटांत जो जास्त वेळा शीळ घालेल तो जिंकला. शिळेगणिक फळ्यावर खडूची एक रेघ. आणि रीत अशी, की आपल्या पक्ष्याच्या रेघा आपण मारायच्या नाहीत. त्या समोरच्याने मारायच्या.

मागच्या रविवारी मिलुस्काच्या पक्ष्याच्या, फायाच्या, रेघा सुकिमिन काका मारत होते. दोन्ही पक्षी बरोबरीत होते. वेळ संपता संपता फायाने एक शीळ घातली, पण इतकी हलकी, की खुद्द मिलुस्कालाही ती ऐकू आली नाही. काकांनी मात्र रेघ मारली. त्या एका रेघेने कोनू हरला.

"तुम्ही त्याला कामावर पण आणता?" मिलुस्काने विचारलं. बोलायला जेवढं तोंड लागतं तेवढंच ती उघडत होती.

"माणसांच्या आवाजाची सवय नको का त्याला? आपल्या मैदानावरचा लेस्ली तर त्याचा पक्षी आगीच्या बंबावरून नेतो."

"लेस्लीकाका आग विझवतात?"

"मग! आणि तो लठ्ठ हेंड्रिक आहे ना, तो शाळा तपासतो."

"शाळा? त्यांचं तर तिसाच्या पुढे मोजताना चुकतं!"

"म्हणून तर त्याच्याकडे कोणी खडू देत नाही."

मिलुस्का खुदकन हसली. तेवढ्यात काकांच्या हातातली सुई तिला दिसली आणि तोंड पुन्हा मिटलं. मिटल्या ओठांतूनच ती पुटपुटली, "दुखणार?"

"छे गं, मुळीच..." आईने सुरुवात केली.

"दुखेल," सुकिमिन काका म्हणाले.

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनीच तिच्या लेकीच्या पायात पळून जायला चपला चढवल्या.

"किती?"

"टोचल्यापासून पाच मोजेपर्यंत. मग सगळं बधिर. दाढ काढताना कोणीतरी ओढतंय असं वाटेल, पण दुखणार नाही."

"आणि सहा झाले तर?"

"तर ऊठ आणि घरी जा. मी अडवणार नाही."

पिंजऱ्याखाली दोरीला एक छोटी पाटी बांधलेली होती. कोनू दिवसभरात किती गातो ते मांडायची. काकांनी ती सोडून, पुसून खडूसकट तिच्या हातात दिली. "घे. दुखेल तोवर दर आकड्याला एक रेघ मार."

मिलुस्काने खडू धरला, पाटीकडे पाहिलं आणि मान हलवली. "दुखणार मला आहे. मग माझ्या रेघा मी कशा मारू?"

सुकिमिन काकांनी मान डोलावली. "खरंय गं. चुकलंच माझं. पण माझे तर दोन्ही हात गुंतणार."

मिलुस्काने पाटी आईपुढे धरली. "आई, तू मार. पण खरंखरं हं. मला बरं वाटावं म्हणून कमी नाही करायच्या."

पाटी आणि खडू घ्यायचा तर दोन्ही हात मोकळे हवेत. आईने लेकीकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. मग वाकून मांडीवरच्या चपला खाली ठेवल्या, खुर्चीच्या अगदी पायाशी.

दार उघडंच होतं.

मिलुस्काने एकदा चपलांकडे पाहिलं, एकदा सुकिमिन काकांकडे. मग मान मागे टेकली आणि मोठा आ केला.