शुद्ध आवाज

घरशाळा, म्हणजे मुलांना घरीच शिकवणारं यंत्र, सुरू करायची, तर त्या यंत्राला घरातल्या मोठ्या माणसाचा आवाज द्यावा लागे. त्या दुपारी अकोल्याहून पुण्याला मुलीकडे आलेल्या कमलाबाई भाकरीचे चार तुकडे करून नातीला, रेवाला, शिकवत होत्या. यंत्र ऐकत होतं.

"पाह्य माय, एक खाल्ला तं किती रायले?"

त्यांच्या मुलीने, सुनयनाने, हळूच ‘शुद्ध भाषा’ची कळ दाबली. यंत्राने तेच वाक्य कमलाबाईंच्याच आवाजात, पुस्तकी करून म्हटलं.

"मी तं मास्तरीन झाली वं!" कमलाबाई हसल्या. मग उरलेले तुकडे त्यांनी डब्यात ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी त्या झोपेतच गेल्या.

तेराव्यानंतर सुनयनाने यंत्र लावलं. कमलाबाईंच्या आवाजात ते म्हणालं, "पहा बाळा, एक खाल्ला तर किती राहिले?"

रेवाने कान झाकले. "ही आजी नाहीये. खरी आजी लाव."

सुनयनाने ‘शुद्ध भाषा’ची कळ पुन्हा दाबून पाहिली. मूळ बोलणं यंत्राने ठेवलंच नव्हतं.

पुण्यात आल्यापासून ती आईशीसुद्धा पुण्याचीच भाषा बोले; आई बोलू लागली की शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून दार लावून घेई. आज तिने दार उघडंच ठेवलं, भाकरी मोडली आणि मोठ्याने म्हणाली, "पाह्य माय, एक खाल्ला तं किती रायले?"