राजारामची कवटी

प्राध्यापक मनमोहन धैर्यवानांचा पृष्ठवंशी जीवाश्मांवरचा मोठा ग्रंथ छापून ठाकूरद्वारच्या घरी आला, त्याच सकाळी सुंदराबाई वरळीहून आल्या.

ग्रंथ खरा त्यांच्या नवऱ्याचा. तो, राजाराम, धैर्यवानांबरोबरच कॉलेजात शिकवायचा. वर्गीकरण त्याचं, हाडांची चित्रंही त्याचीच. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून तो गेला आणि हस्तलिखित धैर्यवानांकडे राहिलं. मुखपृष्ठावर आता एकट्या धैर्यवानांचं नाव होतं.

"चूक झाली, बाई. पुढच्या आवृत्तीत घालतो त्याचं नाव," धैर्यवान म्हणाले.

"नको साहेब, बाहेर तुमचंच राहू दे," सुंदराबाई शांतपणे म्हणाल्या. "आत कुणाला घालायचं, ते आमचे हे बघतील."

त्या गेल्यावर धैर्यवानांनी ग्रंथ उघडला. सस्तन प्राण्यांच्या प्रकरणाअखेर एक चित्र होतं. ते त्यांनी छापायला दिलंच नव्हतं. राजारामच्या बारीक रेघांनी काढलेली माणसाची कवटी, आणि तिचा खालचा एक दात वाकडा. धैर्यवानांची जीभ नकळत स्वतःच्या वाकड्या दाताकडे गेली. चित्राखाली वर्ग, गण, कुळ लिहिलं होतं, आणि शेवटी एकच शब्द: नामशेष.

त्यांनी पान टरकावलं. पुढच्या पानावर तीच कवटी होती, आणखी ठळक. तेही फाडलं, तर त्याच्याही पुढे ती होतीच.

त्यांची बायको नलू चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अहो, असे हसताय काय?"

धैर्यवान हसत नव्हते. तोंड मिटायला त्यांनी हात वर नेला. हाताला ओठ लागलेच नाहीत, नुसते दात लागले.