वांगणीचा फोटो

सुकरीच्या पत्राला महाले साहेबांनी पावसाळा सरला तरी उत्तर दिलं नव्हतं. जव्हारच्या डोंगरात वावर गावाजवळ असलेल्या वांगणीहून, वहीच्या फाटक्या पानावर तिने लिहिलं होतं : ‘सरकारी कागदात आमच्या पाड्याला पाण्याची टाकी आहे. पाड्यात नाही. बघायला या.’

महाले पाणीपुरवठा खात्याचे निवृत्त अभियंते. आता ते अशा तक्रारींची चौकशी करत. टाकी नाही असं त्यांनी लिहिलं तर वांगणीला टँकर सुरू होणार होता, टाकीही बांधली जाणार होती. आहे असं लिहिलं तर फाइल कायमची बंद. वरून तगादा आला : तक्रारदाराला लेखी उत्तर द्या, ठिकाण उमटलेला फोटो जोडा.

त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात ठिकाण उमटत नसे. म्हणून ते जव्हारच्या बाजारात तुषारच्या दुकानात उभे होते.

तुषारने काचेवर दोन वस्तू ठेवल्या. “हे पिवळं यंत्र जंगलखात्यातले नेतात. एकदम पक्कं. फोटोवरच अक्षांश-रेखांश छापतं, पार दशांशापर्यंत. आणि हा छोटा कॅमेरा. फोटोच्या खाली गावाचं नाव छापतो.”

“आकडे?”

“आकडे पण देतो. नको असले तर बंद करायचे.”

तेवढ्यात भावेश ठेकेदार आत आला. गुटख्याने गाल फुगलेला. त्याने दाराच्या कोपऱ्यातच पिंक टाकली. त्यातला एक थेंब महाल्यांच्या चपलेवर उडाला.

“काय साहेब, खरेदी? मला विचारायचं ना! आपण फोटोतले मास्टर. एक संडास, चार रंगांचे दरवाजे. सकाळी निळा लावला, दुपारी हिरवा. चार लाभार्थी खूश.” तो खो खो हसला.

“खूश कसले? त्यांना संडास मिळाला का?” तुषारने विचारलं.

“फोटो मिळाला की!”

याच माणसाच्या शब्दावर विसंबून महाल्यांनी नोकरीच्या शेवटच्या महिन्यात वांगणीच्या टाकीच्या बिलावर सही केली होती. जागेवर न जाता.

“वांगणीचं प्रकरण तुमच्याकडेच आलंय म्हणे,” भावेश जवळ सरकून म्हणाला. तोंडाला सडक्या सुपारीचा वास. “बरं झालं. घरचंच काम. पेन्शन वेळेवर येते ना?”

“थुंकायचं तर बाहेर थुंका,” महाले म्हणाले.

“हो हो, चाललो.” जाताजाता त्याने पुन्हा त्याच कोपऱ्यात थुंकलं.

महाले रुमालाने चप्पल पुसत राहिले. डाग निघाला, तरी पुसत राहिले. मग तो रुमालच त्यांनी गटारात टाकला.

वर बघतात तो दारात एक बाई. हातात प्लास्टिकची बाटली.

“महाले सायेब ना? मी सुकरी. वांगणीची. हापिसात सांगलं, तुमी बाजारात गेलंय. माझा कागूद पोचला का नाय?”

“पोचला.”

“मंग जबाब नाय दिला तो?”

महाले काचेवरचा कॅमेरा उलटसुलट करू लागले. तिने बाटली झाकण उघडून काचेवर ठेवली. आतलं पाणी चहासारखं. तळाशी बारीक लाल अळ्या वळवळत होत्या. तुषार दोन पावलं मागे सरला.

“वहळात डवरा खणलाय, त्यातला हाच पानी पितांव. माझी सोनी दवाखान्यात हाय. शेजारच्या पोश्याची दोन पोरां पण. डोळं हळदीवानी पिवळं झालं.”

“झाकण लाव,” महाले तोंडाशी हात धरून म्हणाले.

“तुमाला नुसता बघून वकारी येते, सायेब. आमी काय करू?”

“मी जातो,” महाले म्हणाले. “स्वतः वांगणीला जातो. फोटो काढतो. उत्तर तुझ्या हातात पडेल.”

“नक्की? आमचेकडं येस्टी नाय. जीप पण वावरलाच सोडते, पुढं चालत.”

“पोचेन मी.”

“आलंव तर माझे घरी चा पिवा.” मग बाटलीकडे बघून तीच हसली. “नको. नुसतं बसा.”

ती गेल्यावर तुषारने पिवळं यंत्र पुढे सरकवलं. “साहेब, हेच घ्या. भावेशसारख्यांना याच्यापुढे बोलताच येणार नाही.”

महाल्यांनी ते हातात घेऊन पाहिलं. परत ठेवलं.

“आकडे कोण वाचतं? ती बाई चौथी शिकलेली. तिला गावाचं नाव वाचता आलं पाहिजे. कॅमेरा दे. आकडे बंद करून दे.”

“हे मात्र खरं,” तुषार म्हणाला. साहेब किती बारीक विचार करतात, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी महाले पहाटेच निघाले. गाड्या बदलत वांगणीला उतरले तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. वाटेत उकिरडा लागला. कुजलेल्या भाजीत डुकरं तोंड खुपसून होती. नाक दाबून ते पुढे गेले, आणि एका वळणावर थबकले.

टाकी होती. चार खांबांवर उभी, निळ्या पट्ट्याची. भरून वाहत होती. खाली एक बाई कपडे धूत होती.

“पाणी नीट येतं का हो?”

“दोन्ही वेळेला येतं. का काका?”

“सहज.”

त्यांनी फोटो काढला. थोड्या वेळाने खाली ठळक अक्षरं उमटली : वांगणी, महाराष्ट्र.

चौकातल्या स्टुडिओत त्यांनी फोटो कागदावर काढून घेतला आणि बाकावर बसून उत्तर लिहिलं : ‘वांगणी येथे प्रत्यक्ष पाहणी केली. टाकी उभी असून पाणी सुरू आहे. तक्रारीत तथ्य नाही. ठिकाण उमटलेला फोटो सोबत.’ पाकिटाचा डिंक जिभेने ओला करताना त्यांना ओकारी आली. ती त्यांनी गिळली.

पाकीट लाल पेटीत टाकून, परतीचं तिकीट खिशात चाचपत, ते वांगणी स्टेशनचा जिना चढू लागले. बदलापूर इथून एकाच स्टेशनावर होतं; सुकरीची वांगणी पार दुसऱ्या जिल्ह्यात, वावरच्या डोंगरात.