दुसरी करवत

"अगं, नुसती हातात तर धर," रोसामेल तिसऱ्यांदा म्हणाला.

"मी कशाला धरू? लाकडं तू कापतोस," त्याची बायको एर्मिंदा म्हणाली. मार्च नुकता लागला होता, उन्हाळा अजून सरला नव्हता, तरी तिने लोकरीचे हातमोजे चढवले होते. सांधे ठणकतात म्हणे. हात कोटाच्या खिशातून बाहेर काढायला ती तयार नव्हती.

दक्षिण चिलीतल्या कोयाइके शहरातल्या त्या दुकानात काउंटरवर चार चेनसॉ मांडून ठेवल्या होत्या. ओनोफ्रे दुकानदार तासभर एकेक करवत फळीवरून उतरवत होता.

"काका, घरी चांगली दणकट करवत असताना दुसरी कशाला?"

"ती पेट्रोल पिते. काठोकाठ टाकी भरून ठेवावी, दोन-तीन दिवसांनी बघावं तर तळाला गेलेलं. कापलं नाही काही, आणि साखळीसुद्धा बोथट!"

"दोनदा खोलून पाहिली मी. कुठेही गळत नाही."

"मग मी काय खोटं बोलतोय?" रोसामेल खेकसला.

गळतीची गोष्ट खरी होती. त्या गळतीने त्याचं डोकं उठवलं होतं. पण करवत घ्यायची होती ती गळतीसाठी नव्हे. चौदा जानेवारीला, मंगळवारी, दवाखान्यात डॉक्टरने त्याला पुढच्या हिवाळ्याचं काही सांगता येणार नाही, असं सांगितलं होतं. सतराला, शुक्रवारी, पहिलं इंजेक्शन झालं. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो सकाळच्या बसने शहरात जायचा आणि संध्याकाळी परतायचा. घरी सांगायचा, पाणी समितीची सभा आहे.

"एवढ्या सभा घेता, मग नळाला पाणी कुठाय?" एर्मिंदा टोमणा मारायची आणि त्याच्या डब्यात उकडलेली अंडी भरायची.

जूनमध्ये येणाऱ्या या हिवाळ्याचं लाकूड गेल्या वर्षीच कापून वाळलेलं होतं. त्याची चिंता नव्हती. आत्ता कापायचं ते पुढच्या हिवाळ्यासाठी, आणि लाकडांची छपरी अर्धी रिकामी पडली होती. दहा ओंडके कापले की त्याला खाली बसावं लागत होतं. उरलेलं एर्मिंदालाच कापावं लागणार होतं. जुनी करवत आठ किलोंची, तिची दोरी ओढताना त्याचाच खांदा निखळायला यायचा. आणि एर्मिंदा? बेचाळीस वर्षांत करवत सुरू झाली की कानांवर हात ठेवून घरात पळणारी बाई. तिच्यासाठी हलकी, सहज सुरू होणारी करवत हवी होती. ती मिळाली की काहीतरी निमित्त काढून तिला हळूहळू शिकवायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं.

आणि ही बया हात लावायला तयार नव्हती.

"ही बघ. चार किलो. दोन बोटांनी दोरी ओढली तरी सुरू होते."

एर्मिंदाने पात्याकडे एक नजर टाकली. "याने काय लसूण कापायचा? लेंगा झाडाच्या जाड खोडात अडकून बसेल ही."

"तुला गं काय कळतं लेंग्याच्या लाकडातलं?"

"बेचाळीस वर्षं तुझी बडबड ऐकतेय की."

ओनोफ्रे हसला. "काकूंचं बरोबर आहे, काका. ही बागेतल्या फांद्यांसाठी आहे. तुमच्यासारख्या गड्याच्या हातात खेळणं दिसेल."

"तुला विचारलं का मी?"

"उगाच त्याच्यावर का ओरडतोस, म्हाताऱ्या? जुनी चांगली आहे. चल घरी, माझं पीठ फुगून बाहेर आलं असेल."

रोसामेलला संताप आला. एका बाईच्या भल्यासाठी धडपडावं आणि तिनेच पाय ओढावेत! सांगून टाकावं का इथेच, या ओनोफ्रेसमोर? शब्द ओठांपर्यंत आले. त्याने ते गिळले आणि चार किलोंची करवत उचलली.

"हीच बांध," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये खोकं त्याने मांडीवर घेतलं होतं. एर्मिंदा खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी पोचताच ती चुलीकडे वळली. थोड्या वेळात सोपाइपियाच्या पुऱ्या तळल्याचा वास अंगणात आला. रोसामेलचा राग मात्र उतरला नव्हता. छपरीत नव्या करवतीसाठी खुंटी मारायची होती, एर्मिंदाचा हात पोचेल इतक्या खाली. त्यासाठी फळी हवी होती, आणि फळ्या मेंढवाड्यात होत्या.

मेंढवाडा ओढ्याकडच्या उतारावर होता. मेंढ्या विकल्यापासून, म्हणजे तीन वर्षांत, तो तिकडे फिरकला नव्हता. अलीकडे तर तेवढा चढ परत चढायचा म्हटलं की छाती भरून यायची. तो थांबत थांबत खाली गेला. गंजलेलं दार खांद्याने रेटावं लागेल, या हिशेबाने त्याने जोर लावला आणि तोल जाऊन आतच पडता पडता वाचला. बिजागरीला ताजं तेल होतं.

आत लाकूड होतं. जमिनीपासून छतापर्यंत, तीन भिंतींना लागून, फोडून रचलेलं लेंग्याचं लाकूड. दोन हिवाळे पुरेल एवढं.

तो जवळ गेला. दाराजवळचे ओंडके एका मापाचे, सरळ कापलेले होते, त्याने स्वतः कापावेत तसे. आत जावं तसे काप तिरके होत गेले. मागच्या भिंतीपाशी तर एक आखूड, एक लांब, कुठे पातं दोनदा अडकून बसल्याच्या खुणा. शेजारी पेट्रोलचा रिकामा डबा आणि तळव्यांना भोकं पडलेले कातडी हातमोजे पडले होते.

ओलं लाकूड चुकून चुलीत जाऊ नये म्हणून इकडे राशीच्या पहिल्या ओंडक्यावर खडूने तारीख घालतात. रोसामेलने कोपऱ्यातला तो पहिला, सगळ्यात वाकडा ओंडका शोधला आणि बाहीने त्यावरचा भुसा पुसला.

एर्मिंदाच्या अक्षरात लिहिलं होतं : १७ जानेवारी.