चार कागद

कोल्हापूरच्या स्टुडिओत वीस वर्षं देखाव्यांचे पडदे रंगवणाऱ्या धोंडीराम मास्तरांच्या डोळ्यांत अंबूचा कावळा सलत होता. कालची आलेली ही पोर शेकडो कागदांवर एकच कावळा काढायची. कॅमेऱ्याने ते कागद ओळीने टिपले, की कावळा चालू लागायचा. मालक मास्तरांनी रंगवलेल्या राजवाड्याकडे पाठ करून तेच बघत बसायचे.

एकदा अंबू जेवायला गेली, तेव्हा मास्तरांनी तिच्या गठ्ठ्यातले मधले चार कागद काढून घेतले. आता कावळ्याची चाल मध्येच तुटेल आणि पोरीचं हसं होईल!

आठवड्याने सगळे जण ते चलचित्र बघायला जमले. चालता चालता कावळ्याने एकदम दचकल्यासारखी पुढे उडी मारली आणि स्टुडिओ खो खो हसला.

"वा, अंबू! जिवंत केलास गं कावळा!" मालक म्हणाले.

मास्तरांचा नुसता जळफळाट झाला. तेवढ्यात अंबू जवळ येऊन हळूच म्हणाली, "मास्तर, चार कागद तुम्हीच काढलेत ना? राग आला होता मला. पण ती उडी तुमच्यामुळेच साधली. पुढच्या उडीला कुठले काढायचे, तेवढं शिकवाल?"

तिच्या हाताचा हेवा मास्तरांना होताच. आता मनाचाही वाटू लागला.