कॉम्प्युटरची तारीख

"ताई, रडू नको. पडद्यावर काय लिहिलंय ते वाच," धाकटा भाऊ निरंजन फोनवर म्हणाला.

"जोडणी सुरक्षित नाही. पुन्हा तेच!" आई गेल्यावर तिचा आवाज एकाच व्हिडिओत उरला होता, मामेबहिणीच्या बाळाच्या बारशाला म्हटलेल्या पाळण्यात. ज्या फोटोग्राफरच्या साइटवर तो होता, ती आज संध्याकाळी बंद होणार होती. मोबाइलवर तो उतरेना. माहेरच्या जुन्या कॉम्प्युटरवर नवा डाउनलोडर चालेना, म्हणून निरंजनने जुना शोधून दिला, तर तोही अडून बसला. झोळीत लेक चुळबुळत होती.

"कोपऱ्यातली तारीख बघ."

"एक जानेवारी दोन हजार नऊ."

"तारीख सांभाळणारा आतला सेल संपलाय. तुझा कॉम्प्युटर अजून दोन हजार नऊमध्ये शाळेत जातोय, त्याला आजची साइट कशी आत घेईल? आजची तारीख टाक."

मला हसू आलं नाही. त्या तारखेला आई होती. स्वयंपाकघरातून मला हाका मारत होती. मी एकेक वर्ष पुढे सरकवत गेले. ती गेली त्या वर्षापाशी बोट थांबलं.

"ताई, टाकलीस?"

"टाकतेय."

डाउनलोडची हिरवी पट्टी हळूहळू भरली. मी व्हिडिओ लावला, तोच लेक किंचाळत उठली.

"अगं, आधी बाळाला घे," आई पडद्यावरून मामेबहिणीला ओरडली, "पाळणा काय पळून जातोय?"

मी धावत जाऊन लेकीला उचललं.