पेशंट हलेपर्यंत

पहिला स्क्रू हाताबरोबर बाहेर आला. ओल्या मातीतून खुंटी निघावी तसा, काही विरोध न करता. सर्जनने तो ट्रेमध्ये टाकला आणि उगाचच त्यावर गॉझचा तुकडा ठेवला.

‘आला ना हातात?’ पडद्यापलीकडून आवाज आला.

हिरव्या पडद्याच्या अलीकडे उघडा खांदा होता आणि पलीकडे त्या खांद्याचे मालक, टक्क जागे. ते सर्जनचे सासरे, आणि त्याच्याही आधीपासून त्याचे गुरू. हयातभर लोकांचे खांदे दुरुस्त करून निवृत्त झालेले. पूर्ण भूल त्यांनी घेतलीच नव्हती. ‘हात तेवढा बधिर करा, डोकं राहू द्या,’ म्हणाले होते. छातीचं कारण पुढे केलं, पण खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सिस्टरने त्यांच्या हाताखाली अर्धी नोकरी काढली होती. जित्याची खोड, एवढं तिच्या ओठांवर आलं; पण टेबलावरच्या माणसासमोर ती म्हण पुरी करण्यासारखी नव्हती, म्हणून तिने ती गिळली.

‘हाड जरा मऊ आहे, सर,’ सर्जन म्हणाला. घरी तो त्यांना बाबा म्हणे. आज सकाळपासून दोन्ही शब्द तोंडात अडखळत होते.

‘मऊ कसलं, भुसभुशीत म्हण. वय झालंय त्याचं. जागा बदल आणि मोठा घे.’

काम सांगायला सोपं होतं. हाडात भोक पाडायचं, त्यात दोरे ओवलेला बारीक स्क्रू बसवायचा, आणि त्या दोऱ्यांनी स्नायूचं तुटलेलं टोक हाडाशी बांधून टाकायचं. बांधण्याआधी दोरा ओढून बघायचा. तसं सगळेच बघतात, पण सासऱ्यांचं ओढणं वेगळं असे. ‘पेशंट हलेपर्यंत ओढा,’ असं ते प्रत्येक तुकडीला सांगत. विद्यार्थ्यांनी पाठीमागे त्यांचं नाव रस्सीखेच सर ठेवलं होतं, आणि नाव ठेवणाऱ्यांत हा जावई सगळ्यांच्या पुढे होता.

आता हाडात जागा एकाच स्क्रूपुरती उरली होती. सर्जनने मोठा स्क्रू मागितला, मग नको म्हणाला, मग पुन्हा तोच मागितला. तो सिस्टरच्या हातातच होता.

‘काय दशमग्रह, गप्प झालात?’

‘भोक पाडतोय, सर.’

चष्म्यावर सारखी वाफ धरत होती. बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. सकाळी तिने एवढंच विचारलं होतं, ‘जमेल ना?’ ते विचारणं नुसतं वडिलांच्या खांद्यासाठी नव्हतं. तिची आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती. तिला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर उचलत होते ते हेच सासरे, आणि उचलतानाच त्यांचा खांदा गेला. दुसऱ्या कुणाचा हात सासूबाईंना चालत नव्हता. खांदा जमला नाही तर त्यांना एखाद्या संस्थेत ठेवायचं, असं घरात ठरलं होतं. ठरवताना कुणी कुणाकडे बघितलं नव्हतं.

स्क्रू आत गेला. शेवटच्या फेऱ्यांना जरा घट्ट लागला. सर्जनला बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली. त्याने दोरा बोटाला गुंडाळला. सदऱ्याला लटकलेला धागा ओढावा, तितकाच ओढला.

‘बसला, सर.’

सर्जनने गाठ मारायच्या हत्यारासाठी हात पुढे केला. सिस्टरने ते दिलं नाही. ती दोऱ्याकडे बघत राहिली.

‘ओढलास?’ सासऱ्यांनी विचारलं.

‘ओढला.’

‘मग मी हललो कसा नाही?’

सर्जनचा पुढे केलेला हात तसाच राहिला. ‘सर, ही शेवटची जागा आहे,’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘हा निघाला तर दुसरीकडे काही धरणार नाही. असाच बांधला तर कदाचित टिकेल.’

‘कदाचितच्या भरवशावर मी तिला उचलू?’ सासऱ्यांचा आवाज चढला नव्हता. ‘इथे सुटला तर तुझी फजिती होईल, बस. घरी सुटला तर ती फरशीवर पडेल.’

सर्जनला राग आला. स्वतःचा आला, त्या भुसभुशीत हाडाचा आला, आणि पडद्याआडून परीक्षा घेणाऱ्या या म्हाताऱ्याचाही आला, ज्याच्यावर त्याचा वडिलांइतका जीव होता. त्याने पाय रोवले. दोरा पुन्हा बोटाला फिरवून घेतला आणि ओढला.

टेबल करकरलं. पडदा हलला. बधिर खांद्यासकट सगळे सासरे त्याच्या बाजूला कलले आणि डोक्यावरची कागदी टोपी कपाळावर आली. दोरा ताठ होता.

‘हललात ना, बाबा?’

‘हललो,’ पलीकडून आवाज आला. मग जरा थांबून, दम घेऊन, ‘पण तिचं वजन तुला कुठे माहीत आहे? अजून ओढ.’